मागे पडणे आणि मागे राहणे : वाचकांचे प्रश्न

या खेपेस आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे मी एकत्र घेतली आहेत, कारण चौघांनीही, स्वतःबद्दल किंवा घरातल्या माणसाबद्दल, जवळजवळ एकच दुखणे सांगितले आहे. पहिल्या पत्राच्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. पुढची उत्तरे त्याच्या आधाराने वाचावीत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझे वय ४८. एका कार्यालयाच्या हिशेब विभागात बावीस वर्षे काम करतो आहे. नोकरी टिकून आहे, मुले शिकत आहेत, तब्येतीची मोठी तक्रार नाही. म्हणजे चारचौघांत सांगण्यासारखे दुःख मला नाही. तरी गेली दोन वर्षे मी मागे पडलो आहे ही जाणीव मनातून जात नाही. ज्याला मी या कामाची पहिली ओळख करून दिली तो आज माझा वरिष्ठ आहे, आणि तो माझ्याशी अतिशय आदराने वागतो, तेच मला जास्त लागते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा आमच्या वर्गाचा एक फोटो माझ्याकडे आहे. एका रात्री झोप येईना म्हणून मी तो काढला आणि त्याच्या पाठीमागे, जो जिथे उभा आहे त्याच क्रमाने, आज कोण कोणत्या पदावर आहे ते पेन्सिलीने लिहीत गेलो. माझ्या जागी काय लिहावे ते सुचले नाही. सगळे पुढे निघून गेले आणि मी मागे राहिलो. पत्नीला सांगावे तर तिला वाटेल की मी संसारात सुखी नाही, म्हणून बोललो नाही. या भावनेतून बाहेर पडता येते, की ती सोसतच राहायची?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन क्रियापदे आली आहेत आणि ती एकाच अर्थाची आहेत असे धरून तुम्ही ती वापरली आहेत. सुरुवातीला तुम्ही ‘मागे पडलो’ असे लिहिता आणि शेवटी ‘मागे राहिलो’ असे. मागे पडणे ही वेगाची गोष्ट आहे. तिथे शर्यत असते, अंतर असते आणि ते मोजता येते. मागे राहणे ही सोबतीची गोष्ट आहे. बरोबर चालणारी माणसे पुढे गेली आणि आपण एकटे उरलो, एवढेच त्यात असते. या वयाच्या पुरुषांची जी पत्रे माझ्याकडे येतात त्यांत तक्रार बहुतेक वेळा पहिल्या शब्दात मांडलेली असते आणि दुखणे दुसऱ्या शब्दात असते. तुमचेही तसेच असावे असे मला वाटते.

आधी शर्यतीबद्दल. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की स्वतःची कुवत जोखायला वस्तुनिष्ठ माप हाताशी नसते तेव्हा माणूस दुसऱ्या माणसांवरून स्वतःला जोखतो, आणि त्यासाठी तो आपल्यासारखीच माणसे निवडतो. म्हणूनच जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाची बातमी वाचून तुमची झोप उडत नाही. एका बाकावर बसलेल्या मित्राच्या बढतीने ती उडते. यात तुमच्या स्वभावाचा काही हलकेपणा नाही, मनाची ती रीतच आहे. पण तुम्ही जे माप वापरले त्यात एक मोठी चूक आहे. फोटोच्या पाठीवर तुम्ही प्रत्येकाचा हुद्दा लिहिलात, कारण हुद्दा बाहेरून दिसतो. कोणाला गोळी घेतल्याशिवाय झोप लागत नाही, कोणाचे सख्ख्या भावाशी बोलणे बंद आहे, यांतले काहीच तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून ते लिहिले गेले नाही. स्वतःच्या जागेपाशी आल्यावर मात्र तुम्ही आतून पाहिलेत, आणि आतून पाहिलेले आयुष्य एका ओळीत मावत नाही. ती जागा कोरी राहिली ती त्यामुळे. तिथे लिहिण्यासारखे काही नव्हते, असा तिचा अर्थ तुम्ही लावलात, तो मला मान्य नाही.

शर्यतीची मुदत कोणी ठरवली, हाही प्रश्न विचारला पाहिजे. शिकागो विद्यापीठात प्रौढ वयाचा अभ्यास करणाऱ्या बर्निस न्यूगार्टन यांनी ‘सामाजिक घड्याळ’ ही कल्पना रूढ केली. आयुष्यातली कोणती गोष्ट कोणत्या वयात व्हावी, असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय प्रौढांना विचारले होते. ते संशोधन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषाने व्यवसायात स्थिर व्हावे ते २४ ते २६ या वयात आणि सर्वांत वरच्या पदावर असावे ते ४५ ते ५० या वयात, असे बहुसंख्यांचे मत पडले. साधारण वीस वर्षांनी असेच प्रश्न पुन्हा विचारले गेले तेव्हा ती एकवाक्यता बरीच सैल झालेली होती. एका पिढीत काटे इतके सरकत असतील तर ते घड्याळ निसर्गाचे नव्हे, लोकांनी लावलेले आहे, हे उघड आहे. अडचण अशी, की ते विशी-पंचविशीत आपल्या डोक्यात बसते आणि नंतर आपण ते कधी काढून पाहत नाही. आज ४८ व्या वर्षी तुम्ही स्वतःला जो जाब विचारत आहात, त्याची मुदत पंचवीस वर्षांच्या एका मुलाने ठरवलेली आहे, आणि त्या मुलाला तुमच्या पुढच्या आयुष्याबद्दल फारच थोडे ठाऊक होते.

या वयाच्या घालमेलीला ‘मिडलाइफ क्रायसिस’ हे नाव मिळाले ते मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांच्या १९६५ च्या निबंधावरून. पद आणि बढती हा त्यांचा विषय नव्हता. आपण मरणार आहोत हे माणसाला या वयात प्रथम खरोखरीचे कळते आणि तो हादरतो, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्या शब्दाचा फार सैल वापर झाला. प्रत्यक्षात प्रत्येक पुरुष अशा वादळातून जातोच असे नाही. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये अनेक देशांतली माहिती तपासून असे दाखवले, की समाधान तरुणपणापासून हळूहळू उतरत जाते, चाळिशीच्या मध्यावर किंवा थोडे पुढे तळाला पोचते आणि नंतर पुन्हा चढू लागते. या निष्कर्षावर अभ्यासकांत मतभेद आहेत, तो सगळीकडे सारखा दिसत नाही आणि चढउतार फार मोठाही नसतो. तेव्हा ‘थांबा, आपोआप बरे वाटेल’ असे मी त्याच्या भरवशावर सांगणार नाही. इतकेच लक्षात घ्या, की फोटोत तुमच्या आजूबाजूला उभे असलेले सगळे आज त्याच वयात आहेत, आणि त्यांतले काहीजण कदाचित असाच एखादा फोटो काढून बसत असतील.

हे सगळे पटले तरी ठसठस थांबेलच असे नाही, कारण तुलनेच्या तळाशी बहुधा एखादी नेमकी गोष्ट पुरलेली असते. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात पश्चात्तापाचा अभ्यास केला. नुकत्याच घडलेल्या गोष्टींत माणसाला केलेल्या कृतीचे वाईट जास्त वाटते. पण लांबचा काळ मागे वळून पाहिला की न केलेल्या गोष्टींची खंत वरचढ ठरते, असे त्यांना आढळले. केलेली चूक कुठेतरी संपते, तिचे परिणाम दिसतात, ते निस्तरता येतात. न केलेली गोष्ट कल्पनेत वाढत राहते. म्हणून ‘मी मागे पडलो’ या वाक्यापुढे ‘कशात’ हा शब्द लिहा आणि त्याचे उत्तर एका ओळीत द्या. ‘सगळ्यातच’ हे उत्तर चालणार नाही. कदाचित बढती हे उत्तर नसेलच. सोडून दिलेला एखादा विषय असेल, न घेतलेली एखादी जोखीम असेल, वडिलांना दाखवायची राहून गेलेली एखादी गोष्ट असेल. ती ओळ सापडली की पुढचा प्रश्न सोपा होतो : ही गोष्ट लहान प्रमाणात आजही करता येते का? येत असेल तर या महिन्यात तिचा पहिला तुकडा करा. येत नसेल तर ती गेली असे स्पष्ट म्हणा आणि तिच्यासाठी वाईट वाटून घ्या. अशा वेळी लोक ‘अजून वेळ गेलेली नाही’ म्हणून धीर देतात, पण काही गोष्टींची वेळ खरोखरच गेलेली असते आणि तसे म्हणू न दिल्यामुळेच ते दुःख हेवा होऊन बाहेर येते. उतारवयात नाव काढलेल्या माणसांच्या गोष्टी मी इथे मुद्दाम सांगत नाही; त्या वाचून तुमच्या फोटोत आणखी चार माणसे वाढतील, एवढेच होईल.

तुमच्या वरिष्ठाबद्दल एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये आयुष्याचे जे टप्पे मांडले, त्यांत मध्यम वयाचे काम त्यांनी असे सांगितले होते, की माणसाने पुढच्या पिढीसाठी काही घडवावे. ते झाले नाही तर तो साचून राहतो. तुम्ही एका माणसाला घडवले आहे आणि ते वाक्य पत्रात तक्रार म्हणून लिहिले आहे. त्याचा आदर तुम्हाला दया वाटते. मला तो आदरच वाटतो, कारण ज्याला मनात कमी लेखायचे असते त्याच्याशी माणूस तुटक वागतो किंवा त्याला टाळतो. निवांत वेळ पाहून त्याला विचारा, की सुरुवातीच्या दिवसांत मी सांगितलेले काय तुझ्या लक्षात राहिले आहे? उत्तर ऐकताना लगेच ‘छे, छे’ म्हणू नका, ऐकून घ्या.

आता सोबतीकडे येतो. हार्वर्ड विद्यापीठातला प्रौढ जीवनाचा अभ्यास १९३८ मध्ये सुरू झाला आणि अनेक दशके त्यात फक्त पुरुष होते; प्रथम २६८ विद्यार्थी, नंतर बोस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुले त्यांना जोडली गेली. वयाच्या पन्नाशीत जे पुरुष आपल्या नात्यांत समाधानी होते ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी राहिले, आणि पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा नात्यांमधल्या समाधानावरून पुढच्या आरोग्याचा अंदाज अधिक चांगला बांधता आला, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. पुरुषांची मैत्री बहुधा खांद्याला खांदा लावून काहीतरी करताना होते : मैदानावर, वसतिगृहात, पहिल्या नोकरीत. ते एकत्र करणे संपले की मैत्रीला उभे राहायला जागा उरत नाही. भांडण होत नाही, कोणी कोणाला सोडत नाही, नुसती वर्षे जातात. तुमच्या फोटोतल्या माणसांपैकी गेल्या वर्षभरात किती जणांशी तुम्ही, काही काम नसताना, दहा मिनिटे बोललात? त्यांचे हुद्दे तुम्हाला पाठ आहेत. त्यांचे आवाज आठवतात का?

म्हणून फोटोमागच्या त्या नोंदी खोडू नका. त्यांतला एक माणूस निवडा. सर्वांत मोठ्या पदावरचा नको, फोटोत जो तुमच्या शेजारी उभा आहे तो. त्याच्याशी बोला, जमले तर भेटा, आणि परत आल्यावर त्याच्या हुद्द्याखाली, त्याने स्वतःबद्दल सांगितलेली एखादी गोष्ट त्याच पेन्सिलीने लिहा. मग दुसरा निवडा. ही यादी अशीच भरत गेली तर काही महिन्यांनी ती वेगळी वाचली जाईल.

पत्नीपासून हे लपवण्याचे कारण मला समजते, पण लपलेले नसणार. तुम्ही रात्री उठता हे तिला माहीत आहे, आणि कारण माहीत नसल्यामुळे ती स्वतःच एखादे कारण लावत असेल, बहुधा तुम्हाला ज्याची भीती वाटते तेच. तिला साध्या शब्दांत सांगा : ‘याचे कारण तू नाहीस. मला काही दिवसांपासून एकटे आणि मागे राहिल्यासारखे वाटते आहे. उपाय सुचवू नकोस, नुसते ऐक.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण जवळचे माणूस काळजीपोटी लगेच उपाय सुचवू लागते आणि बोलणारा तिथेच गप्प होतो.

प्रश्न : वय ५३. आमच्या कामात आता सगळे नव्या सॉफ्टवेअरवर चालते. पंचविशीतली मुले एकदा पाहून शिकतात; मला तीच गोष्ट तीनदा विचारावी लागते आणि तिसऱ्यांदा विचारण्याची लाज वाटते. माझी बुद्धी मंदावली आहे का?

उत्तर : वेग मंदावला आहे, बुद्धी मंदावली आहे असे म्हणता येणार नाही. रेमंड कॅटेल यांनी १९६३ मध्ये बुद्धिमत्तेचे दोन भाग सविस्तर मांडले. नवे, अपरिचित कोडे चटकन सोडवण्याची ती प्रवाही बुद्धिमत्ता, आणि अनुभवातून साठलेल्या ज्ञानाची व समजेची ती स्फटिकी बुद्धिमत्ता. पहिली तरुणपणीच उतरू लागते. दुसरी पुढे बरीच वर्षे वाढत किंवा टिकून राहते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल येथे १९५६ पासून वॉर्नर शाई यांनी त्याच त्या माणसांना दर सात वर्षांनी तपासत चालवलेल्या अभ्यासातही, आकलनाचा वेग तरुणपणापासून घटतो, पण शब्दज्ञान आणि तर्कासारख्या कित्येक क्षमता मध्यम वयात शिखराजवळ असतात, असे दिसले. त्या मुलांना बटण कुठे आहे ते लवकर कळते. समोर आलेला आकडा मुळातच अशक्य आहे, हे बहुधा तुम्हाला आधी कळत असेल.

त्यामुळे शिकण्याची पद्धत बदला. दुसऱ्याला करताना पाहून शिकू नका. माउस तुमच्या हातात असू द्या आणि त्याला नुसते सांगू द्या. प्रत्येक पायरी वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि त्याच दिवशी, तो निघून गेल्यावर, वही पाहून एकदा आणि वही मिटून एकदा करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्यांदा विचारावे लागलेच तर ‘मला जमत नाही’ असे न म्हणता ‘माझी ही पायरी चुकते आहे’ असे म्हणा. पहिल्या वाक्यावर समोरचा फार तर सांत्वन करू शकतो. दुसऱ्यावर तो ती पायरी दाखवतो. आणि त्याच मुलाला तुमच्याकडचे एखादे जुने, गुंतागुंतीचे प्रकरण समजावून द्या. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी सुरू झाले की विचारण्याची लाज कमी होते.

प्रश्न : माझे यजमान ५१ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांची नोकरी गेली. आठ महिन्यांनी दुसरी मिळाली, पण कमी पगाराची आणि खालच्या पदाची. तेव्हापासून ते फार कमी बोलतात. लहानसहान गोष्टींवरून चिडतात, पहाटे तीनला उठून बसतात, वाचनाची एवढी आवड, तीही सोडली आहे. दारू पूर्वी क्वचित घेत, आता आठवड्यातून तीन-चार वेळा. परवा सहज म्हणाले, ‘माझ्या विम्याचे हप्ते तेवढे चुकवू नकोस, माझा उपयोग आता तेवढाच.’ समजूत घालायला गेले की म्हणतात, मला काही झालेले नाही. मी काय करू?

उत्तर : विम्याबद्दलचे ते वाक्य सहज म्हटलेले समजू नका. आज संध्याकाळीच, दोघेच असताना, त्यांना सरळ विचारा : ‘तुम्हाला जीव नकोसा वाटतो का? स्वतःला संपवावे असे मनात येते का?’ असे विचारल्याने तो विचार माणसाच्या मनात नव्याने येत नाही. उलट, कोणीतरी विचारले म्हणून सुटल्यासारखे वाटते. जगात दर वर्षी ७ लाखांहून अधिक लोक आत्महत्या करतात आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आहे. उत्तर ‘हो’ आले, किंवा ते टाळले गेले आणि तुम्हाला आतून भीती वाटली, तर त्यांना एकटे सोडू नका, घातक ठरू शकतील अशा वस्तू आणि औषधांचा साठा घरातून हलवा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, रुग्णालयाचा तातडीचा विभाग किंवा आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइन यांपैकी जे लवकर मिळेल तिथे पोचा. बाकीचे सगळे त्यानंतर.

तुम्ही लिहिलेली लक्षणे नैराश्याची असू शकतात. पुरुषांत ते पुष्कळदा रडण्यातून न दिसता चिडचिड, अबोला, दारू आणि तुटलेली झोप यांतून दिसते, म्हणून घरच्यांना तो स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. अशी अवस्था दोन आठवड्यांहून जास्त टिकली की डॉक्टरांना दाखवायला हवे; इथे तर कित्येक महिने झाले. ‘मनाच्या डॉक्टरकडे चला’ म्हटल्यावर ते येणार नसतील तर झोपेची तक्रार घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. तेवढे बहुतेक पुरुष मान्य करतात. थायरॉइड, मधुमेह, झोपेत श्वास अडकणे यांचीही तपासणी होऊ द्या. पुरुषांतले टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर साधारणपणे वर्षाला एक टक्क्याच्या आसपास कमी होते, पण प्रत्येक उदासीचे खापर त्यावर फोडणाऱ्या जाहिरातींना भुलून काही घेऊ नये. ते रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवायचे आहे. दारूने झोप लवकर लागते आणि पहाटे मोडते, आणि नैराश्य वाढते, हेही डॉक्टरांच्या तोंडून त्यांना कळले तर बरे.

वाचन सुटल्याचे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून एक जुना अभ्यास आठवला. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावचा कापडाचा कारखाना बंद पडून जवळजवळ सगळे गाव बेकार झाले होते. मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना वेळच वेळ होता, ग्रंथालय फुकट केले होते, तरी पुस्तके नेणाऱ्यांची संख्या खूप घटली. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजला. पुरुष स्त्रियांपेक्षा हळू चालत होते आणि वाटेत पुनःपुन्हा थांबत होते, कारण घरी कामे असलेल्या स्त्रियांना कुठेतरी पोचायचे होते आणि पुरुषांना नव्हते. पगाराबरोबर दिवसाची आखणी, चार माणसांत मिसळणे, आपण कशाच्या तरी उपयोगी आहोत ही भावना, हे सारे जाते, हे याहोडा यांनी पुढे मांडले. तुमच्या यजमानांना पगार परत मिळाला आहे. उपयोगाची भावना परत मिळालेली नाही. त्यांच्या वाक्यातला शब्दही तोच आहे.

म्हणून त्यांना ‘इतरांचे याहून वाईट आहे’ किंवा ‘आहे त्यात समाधान माना’ असे सांगू नका. त्यांच्याशिवाय अडेल असे एखादे खरे काम त्यांच्याकडे सोपवा, आणि ते झाल्यावर तोंडभर कौतुक न करता ते काम झाले म्हणून तुमचे काय सोपे झाले ते सांगा. उपचार सुरू झाले की गुण येण्यास काही आठवडे लागतात. समुपदेशन आणि औषधे या दोन्हींचा उपयोग होतो, आणि पुष्कळांना दोन्हींची जोड लागते. या सगळ्यात तुमच्या मनावरही भार आहे. तुमच्या भरवशाच्या एका माणसाला यातले सांगून ठेवा. यजमानांच्या मानासाठी हे गुपित एकटीने सांभाळणे तुम्हाला झेपणार नाही.

प्रश्न : वय ४४, अविवाहित. माझे सगळे मित्र आपापल्या संसारात आहेत. भेटलो तरी बोलणे मुलांच्या शाळांवर जाते आणि मी ऐकत बसतो. एक मित्र होता, त्याच्याशी मात्र सगळे बोलता येई. अकरा वर्षे संपर्क नाही. भांडण झाले नव्हते. आता अचानक फोन केला तर विचित्र वाटेल ना?

उत्तर : तुम्हाला जितके विचित्र वाटेल तितके त्याला वाटणार नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, बऱ्याच काळात संपर्क नसलेल्या ओळखीच्या माणसाला चार ओळी पाठवल्या तर त्याला किती बरे वाटेल याचा अंदाज पाठवणाऱ्यांना करायला सांगितले होते. तो अंदाज प्रत्यक्षापेक्षा सातत्याने कमी निघाला, आणि संपर्क जितका अनपेक्षित तितके त्याचे मोल घेणाऱ्याला जास्त वाटले. तुमच्यासारखाच तोही ‘आता कसे करायचे’ म्हणून थांबला असण्याचा संभव आहे.

संसारी मित्रांबद्दल एक सुचवतो. त्यांना मोकळी संध्याकाळ मागू नका, ती त्यांच्याकडे नसते, आणि नकार मिळाला की तुम्ही पुन्हा मागे राहिल्यासारखे परत येता. त्यांच्या कामात शिरा. मित्र मुलाला पोहायला सोडायला जातो तेव्हा बरोबर जा. मूल पाण्यात असते तो पाऊण तास काठावर तुम्ही दोघेच असता, आणि तिथे शाळेखेरीजचे बोलणे निघते. लग्न न झाल्याची किंवा न केल्याची खंत असेल तर तीही तिथेच, एकाला, स्पष्ट शब्दांत सांगा. मित्र मुलांबद्दल बोलत राहतात ते बऱ्याचदा तुमच्या आयुष्याबद्दल काय विचारावे हे कळत नाही म्हणूनच.

अकरा वर्षे न भेटलेल्या मित्राला फोनपेक्षा आधी लिखित संदेश पाठवा, म्हणजे त्याला सवडीने उत्तर देता येईल. मोठा मजकूर नको आणि इतक्या वर्षांची माफीही नको. माफी मागितली की तिला उत्तर देण्याचे ओझे त्याच्यावर पडते. तुम्हा दोघांनाच माहीत असलेली एखादी बारीक आठवण लिहा आणि खाली एवढेच : ‘आज हे आठवले आणि तुझी आठवण आली. कसा आहेस? काम काही नाही.’ शेवटचे तीन शब्द गाळू नका. इतक्या वर्षांनी कोणाचे नाव फोनवर दिसले की माणूस आधी मनात विचारतो, याचे माझ्याकडे काय काम असेल. ते तीन शब्द वाचल्यावर तो उरलेला संदेश पुन्हा पहिल्यापासून वाचेल.